मेंदूचे आजार आणि इसेन्शियल ऑइल : काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या पंचवटीत आमचं औषधांचं दुकान आहे. मी फार्मसी शिकलेली, गेली बरीच वर्षं काउंटरवर उभी असते. पूर्वी गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करायचं, आता चिठ्ठीच्या आधी मोबाइल पुढे येतो. "ताई, हे बघा, या तेलाचे दोन थेंब उशीवर टाकले की पार्किन्सन थांबतो म्हणतात. आहे का तुमच्याकडे?" मागे रांग असते, त्यामुळे उत्तर अर्धवट राहतं आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन दुसरं कोणी येतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. आजाराचं निदान आणि गोळ्यांचा निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्टचा. बाटलीत काय आहे आणि ते अंगात गेल्यावर काय करतं, एवढं मात्र माझं शिक्षण.

इसेन्शियल ऑइल म्हणजे नक्की काय? तिळाच्या तेलासारखंच ना?

नाव तेल आहे, जात वेगळी आहे. साध्या कागदावर तिळाच्या तेलाचा एक थेंब टाका आणि शेजारी लव्हेंडरचा. तिळाच्या तेलाचा पारदर्शक डाग आठवडाभर तसाच राहील. लव्हेंडरचा थेंब थोड्या वेळात उडून जातो, मागे जवळजवळ काही उरत नाही. ही उडून जाणारी, वासाची तेलं.

ती कशी काढतात ते घरीच बघता येतं. गवती चहा टाकून पाणी उकळायला ठेवा आणि पातेल्यावर ताटली झाका. पाच मिनिटांनी ताटली उलटी केली की आतल्या बाजूला जमलेल्या थेंबांना चहापेक्षा जास्त वास येतो. वाफेबरोबर पानातलं सुगंधी द्रव्य वर आलं आणि गार झाल्यावर पाण्याबरोबर उतरलं. कनौजचे अत्तरवाले देग आणि भपक्यात हेच करतात, कारखान्यात मोठ्या स्टीलच्या टाकीत हेच होतं. संत्र्या-लिंबाचं तेल तेवढं साल दाबून काढतात.

म्हणजे ही भरपूर पाल्याचं सत्त्व काढलेली, अतिशय तीव्र गोष्ट आहे. एक किलो गुलाबाच्या तेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. (आमच्याकडच्या जानोरी-मोहाडीच्या पॉलीहाऊसमधला लांब दांड्याचा गुलाब या कामाचा नाही, तो दिसायला देखणा, वासाला बेताचा.) दीडशे रुपयांत 'शुद्ध गुलाब तेल' देणाऱ्याचा हिशोब तुम्हीच करा.

मग नारायण तेल, महामाष तेल, क्षीरबला तेल ही कशात मोडतात?

ही सिद्ध तेलं. बहुतेकदा तिळाच्या तेलात काढे आणि कल्क, म्हणजे वाटलेल्या वनस्पतींचा गोळा, घालून आटवलेली. त्यांचा आणि इसेन्शियल ऑइलचा संबंध नाही. हे सांगायचं कारण असं की वैद्यांनी मालिशला दिलेलं तेल वाटीभर लागतं, आणि ती सवय असलेला माणूस निलगिरीच्या तेलाचीही अर्धी बाटली ओततो.

वासाने मेंदूवर परिणाम होतो हे खरं की थोतांड?

खरं. इथेच निम्मे शिकलेले लोक चुकतात. 'नुसता वास आहे, त्याने काय होणार' म्हणून हसण्यावारी नेतात.

डोळ्यांची, कानांची, त्वचेची खबर मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबते, मग पुढे जाते. वासाची खबर त्या चौकीवर न थांबता पुढे जाते. नाकाच्या छताशी असलेल्या पेशींकडून निघाली की ती भीती आणि भावना सांभाळणाऱ्या अमिग्डालाजवळ पोचते आणि आठवणींच्या हिप्पोकॅम्पसच्याही फार जवळ जाते. कोजागरीच्या दुधातल्या केशराचा वास आला की आजीचं अंगण आठवतं ते यामुळे. वास ओळखणाऱ्या जनुकांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधलं, त्याबद्दल त्यांना २००४ चं नोबेल मिळालं.

दुसरा रस्ता रक्ताचा. या तेलांतले रेणू लहान आणि स्निग्धात सहज विरघळणारे असतात. श्वासातून, कातडीतून, पोटातून रक्तात जातात आणि रक्त व मेंदू यांच्यामधला जो कडक पहारा बऱ्याच औषधांना अडवतो, तो यांतले पुष्कळ रेणू ओलांडतात. इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात २० जणांना रोझमेरीचा वास असलेल्या खोलीत बसवून रक्त तपासलं होतं. त्यात सिनिऑल हा रेणू सापडला, आणि ज्यांच्या रक्तात तो जास्त होता त्यांनी आकडेमोडीच्या चाचण्या जरा बऱ्या सोडवल्या.

तेव्हा तेल मेंदूपर्यंत पोचतं. आणि पोचतं म्हणूनच मी बाटली देताना चार प्रश्न विचारते.

पोचतं तर मग आजार का बरा होत नाही?

देवळापर्यंत पोचलेला प्रत्येक माणूस पुजारी नसतो, तसं आहे.

काचेच्या बशीतल्या पेशींवर ही तेलं फार छान वागतात. सूज कमी करतात. स्मृतीला लागणारं ॲसिटिलकोलीन मोडून टाकणाऱ्या एन्झाइमला अडवतात, जे काम अल्झायमरची डोनेपेझिल ही गोळी करते. उंदरांवरही बरं दिसतं. पण बशीत जेवढं तेल ओततात तेवढं माणसाच्या मेंदूत वासाने जात नाही, आणि जाईल इतकं पाजलं तर माणूस आधी दवाखान्यात जाईल. बातमी छापणारा नेमकं हेच वाक्य गाळतो.

आईला अल्झायमर आहे. संध्याकाळ झाली की बेचैन होते, ओरडते. तेलाने शांत होईल का?

या प्रश्नावर खरोखर काम झालं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

२००२ मध्ये इंग्लंडमध्ये तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या ७२ वृद्धांवर चार आठवडे प्रयोग झाला. निम्म्यांना मेलिसा, म्हणजे लिंबासारखा वास असलेल्या पुदिन्याच्या कुळातल्या झाडाचं तेल घातलेलं लोशन हाता-तोंडाला लावलं. बाकीच्यांना सूर्यफुलाचं तेल. मेलिसावाल्यांची बेचैनी सुमारे ३५ टक्के कमी झाली, दुसऱ्या गटाची ११ टक्के. सगळ्यांना आनंद झाला. मग २०११ मध्ये ११४ जणांवर आणखी काटेकोर प्रयोग झाला. कोणाला काय लावलं आहे हे तपासणाऱ्यांना कळू नये याची कडक काळजी घेतली. त्यात मेलिसा, डोनेपेझिल आणि नुसता देखावा, म्हणजे औषध नसलेलं खोटं औषध, यांत फरक निघाला नाही. सगळेच थोडे शांत झाले! रोज कोणीतरी शेजारी बसून हात चोळतंय, याचा गुण असावा.

कॉक्रेन नावाची संस्था जगभरचे प्रयोग एकत्र तपासते. २०२० मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश आणि सुगंध यावरचे १३ प्रयोग, ७०८ रुग्ण तपासले. निष्कर्ष : फायदा होतो असं ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा नाही.

आता आईकडे येऊ. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी शेजारी बसा, खोबरेल घेऊन हाताचे तळवे चोळा. त्यात लव्हेंडरचा एखादा थेंब घातला तर हरकत नाही, फक्त तो वास तिला आवडतो का ते आधी बघा. आमच्याकडे येणाऱ्या एका मावशींना लव्हेंडरने चीड यायची. त्यांच्या सुनेने मोगऱ्याचा गजरा उशाशी ठेवायला सुरुवात केली, त्या गजऱ्याशी खेळत बसायच्या. आणि आई अचानक जास्त बेचैन झाली तर तेल शोधण्याआधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठे दुखणं आहे का ते तपासून घ्या. तिला सांगता येत नसतं.

झोपेत वास दिल्याने स्मरणशक्ती २२६ टक्के वाढते, अशी बातमी होती ना?

होती, २०२३ मध्ये. कॅलिफोर्नियातला प्रयोग. ६० ते ८५ वर्षांचे ४३ जण, आजार नसलेले. रात्री दोन तास डिफ्यूझर, म्हणजे खोलीत वास पसरवणारं यंत्र, रोज वेगळा वास, असे सात वास, सहा महिने. शब्दांची यादी ऐकून आठवायच्या एका चाचणीत दोन गटांमधला फरक २२६ टक्के निघाला. म्हणजे कोणाचीही स्मृती सव्वातीनपट झाली नाही. लहान आकड्यांत थोडा फरक पडला की टक्केवारी अशी फुगते. पैसे एका मोठ्या ग्राहकवस्तू कंपनीचे होते, हेही लक्षात ठेवा. कल्पना मात्र मला आवडली. मोठा प्रयोग व्हायला हवा.

वडिलांना पार्किन्सन आहे. कोणतं तेल हुंगायला देऊ?

माझ्याच वडिलांचं सांगते. हात थरथरायला लागायच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. बाबा स्वयंपाकघरात उभे, गॅसवर फोडणी करपून काळी झालेली, घरभर धूर, आणि ते शांतपणे पेपर वाचताहेत. आई त्यांना रागावली. पुढे हिंगाचा डबा उघडून नाकाशी धरला तरी "काही नाही येत" म्हणायचे. आम्हाला वाटलं सर्दी असेल, नाकाचं हाड असेल. निदान झालं तेव्हा न्यूरोलॉजिस्टनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "वास येतो का?"

पार्किन्सनमध्ये वास जाणं हे पुष्कळदा कंपाच्या कितीतरी वर्षं आधी दिसतं. अल्झायमरमध्येही वास ओळखणं लवकर बिघडतं. तेव्हा ज्या माणसाचं नाकच बंद पडलंय त्याला वासाने बरं करायला निघायचं, यातली गंमत बघा. नाकावरून ज्याचं नाव पडलं म्हणतात त्या गावात राहून तरी हे लक्षात यायला हवं होतं.

थोडं वेगळं एक काम आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये वासाचा व्यायाम मांडला : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, हे चार वास सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी काही सेकंद लक्ष देऊन हुंगायचे, १२ आठवडे. कोविडनंतर वास गेलेल्यांना हाच व्यायाम सांगितला जायचा. पार्किन्सनच्या रुग्णांतही त्याने वास ओळखणं काहीसं सुधारल्याचं दिसलं आहे. चार बाटल्यांची टोपणं उघडून हुंगायचं, इतकाच खर्च. पण थरथर, ताठरपणा, पाऊल अडकणं, यावर त्याचा उपयोग नाही. तिथे लेव्होडोपाची गोळी आणि रोजचा व्यायाम. गोळीची वेळ चुकवून तेल लावत बसू नका, ही माझी हात जोडून विनंती.

मुलाला फिट येते. निलगिरी किंवा कापूर हुंगवला तर थांबेल का?

थांबणार नाही. उलट त्यानेच फिट येऊ शकते.

हे नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. कापूर, निलगिरी, रोझमेरी, सेज, हिसॉप या तेलांत मेंदूला चेतवणारे रेणू असतात. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींची एकदम उठलेली चेतना. त्यात आणखी ठिणगी टाकायची?

कापराने फिट येते हे डॉक्टरांना इतकं पक्कं ठाऊक होतं की एकेकाळी मुद्दाम फिट आणायला तो वापरला. बुडापेस्टचे लाडिस्लास मेडुना यांचा समज होता की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांना मारतात. १९३४ च्या जानेवारीत त्यांनी तेलात विरघळवलेल्या कापराचं इंजेक्शन रुग्णाच्या स्नायूत दिलं आणि फिट आणली. पुढे त्यांनी कापूर सोडून दुसरं रसायन घेतलं, त्यानंतर विजेचे झटके आले. म्हणजे शॉक ट्रीटमेंटचा आजोबा आपल्या आरतीच्या ताटातला कापूर!

आताची गोष्ट. दक्षिण भारतातल्या रुग्णालयांत चार वर्षं फिटच्या ३५० रुग्णांची कसून विचारपूस केली. २०२१ मध्ये छापून आलं : त्यातल्या ५५ जणांची फिट निलगिरी किंवा कापराच्या वापराशी जोडलेली निघाली. वाफारा, बाम, तेल चोळणं, पोटात घेणं, सगळे प्रकार. काहींना त्याआधी आयुष्यात फिट आलेली नव्हती. जवळजवळ सहातला एक. आणि बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आपल्याकडे निफाडला पारा घसरला की नाशकात वाफाऱ्याच्या यंत्रांची विक्री वाढते आणि सोबत निलगिरीची बाटली जाते. फिटच्या गोळ्या चालू असलेल्या घरात मी ती बाटली देत नाही. साध्या पाण्याच्या वाफेनेही नाक मोकळं होतं.

मग कांदा किंवा चप्पल हुंगवायची का?

लासलगावची बाजार समिती आपल्याच जिल्ह्यात, कांद्याला इथे काय तोटा! पण फिटमध्ये त्याचा उपयोग शून्य. फिट बहुतेकदा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. कांदा तेवढ्यात नाकाशी आलेला असतो आणि श्रेय घेऊन जातो.

करायचं ते असं : माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी सुरू झाली, तर १०८.

तान्ह्या बाळाला सर्दीत कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधतो. पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. त्यात काय वाईट?

मागच्या पावसाळ्यात एक आजीबाई आल्या होत्या, कडेवर सात-आठ महिन्यांचा नातू. त्याच्या अंगड्याला मलमलच्या फडक्याची पुरचुंडी दोऱ्याने बांधलेली. मी आजींशी बोलत होते तेवढ्यात त्याने ती मुठीत धरून तोंडात घातली आणि चोखायला लागला. फडकं ओलं झालं, कापराचा वास काउंटरपर्यंत आला. मी कात्री घेऊन दोरा कापला. आजी जराशा रागावल्या. "आमची सहा पोरं अशीच वाढली," म्हणाल्या.

वाढली असतील. पण एक-दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात साधारण १ ग्रॅम कापूर गेला तरी जिवावर बेतू शकतं, आणि पूजेच्या एक-दोन वड्यांत तेवढा कापूर सहज असतो. फिट अर्ध्या तासाच्या आतही येते, आधी काही लक्षण नसताना. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अंगाला लावायच्या औषधांत ११ टक्क्यांच्या वर कापूर चालत नाही, त्याचं कारण मुलांचे असेच अपघात. भीमसेनी असला तरी चालेल का, असं हमखास विचारतात. लेबल बदलल्याने बाळाचं वजन वाढत नाही.

खोबरेलात कापूर मुरवून छातीला चोळणं, पुदिन्याचं किंवा मेंथॉलचं काही नाकाजवळ लावणं, हेही दोन वर्षांखालच्या मुलांना नको. मेंथॉलने लहान बाळांचा श्वास अडकू शकतो. ओवा तव्यावर गरम करून दुरून शेक द्यायचा असेल तर द्या, हाताला सोसेल इतकाच.

बाळगुटीतलं वेखंडही याच रांगेत. त्यात बीटा-ॲसारोन नावाचं द्रव्य असतं आणि आपल्याकडच्या जातीत ते जास्त असतं. अमेरिकेने १९६८ मध्येच खाण्याच्या पदार्थांतून वेखंड काढून टाकलं, कारण उंदरांत गाठी झाल्या. वेखंडाचं तेल बाळाच्या पोटात देऊ नका.

लव्हेंडर तर फिट कमी करतं म्हणे?

त्यातला लिनालूल हा रेणू उंदरांच्या फिट कमी करतो. माणसांत ते सिद्ध झालेलं नाही. गोळ्या बंद करण्याचं कारण तर अजिबात नाही.

डोकेदुखीवर काही उपयोग आहे का?

आहे, आणि इथे मी खुशीने बाटली देते. १९९६ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीवर प्रयोग झाला. अल्कोहोलमधलं १० टक्के पेपरमिंट तेल कपाळ आणि कानशिलांना लावायचं, पंधरा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. गुण १ ग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचा आला. दिवसभर मोटरसायकलवर सातपूर-अंबड करून आलेल्या माणसाचं कपाळ ताणलेलं असतं, त्याला हे चालतं. डोळ्यांपासून लांब लावा. हात धुवा. मी एकदा विसरले आणि तोच हात डोळ्याला लावला, अर्धा तास नळाखाली उभी होते.

मायग्रेनचं वेगळं. इराणमधल्या मशहदला ४७ रुग्णांना डोकं दुखायला लागल्यावर पंधरा मिनिटं लव्हेंडर हुंगवलं. १२९ झटक्यांपैकी ९२ मध्ये थोडाफार आराम पडला, साधं पॅराफिन हुंगलेल्यांना ६८ पैकी ३२ मध्ये. प्रयोग लहान आहे, पण वाईट नाही. अडचण ही की पुष्कळ मायग्रेनवाल्यांना कुठलाच वास सहन होत नाही. उदबत्ती, अत्तर, शेजारच्या फोडणीनेसुद्धा डोकं चढतं. त्यांच्यावर प्रयोग करू नका. आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू झाली, तर बाम नाही, दवाखाना.

लकवा मारलाय. कोणत्या तेलाने मालिश करू?

कधी मारला? आज सकाळी मारला असेल तर हे वाचायचं सोडा आणि निघा. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोबडी वळली, यांतलं एक जरी असलं तरी सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि वेळ मोजायची ती माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून. आमच्या ओळखीतल्या एका घरी तेल गरम करण्यात आणि गावाकडच्या औषधाची चौकशी करण्यात अख्खी सकाळ गेली. काकांचा उजवा हात अजून वर होत नाही.

जुना लकवा असेल तर मालिशने स्नायू आखडणं थोडं कमी होतं, माणसाला बरं वाटतं. गेलेली ताकद फिजिओथेरपीने, पुन्हा पुन्हा तीच हालचाल करून येते. साधं तिळाचं तेल पुरे.

एक तेल मात्र मुद्दाम टाळा : गंधपुरा, म्हणजेच विंटरग्रीन. त्यात जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनचं भावंड. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेलं तर ते सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं भरतं, वीसेक गोळ्या! लकव्यानंतर पुष्कळांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात. वॉरफरिन घेणाऱ्याच्या अंगावर हे रोज चोळलं की रक्त आणखी पातळ होतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. दुखण्याच्या पुष्कळ तेलांत आणि बाममध्ये ते असतं. लेबल वाचा, चष्मा लावून.

शुगरमुळे पायाला मुंग्या येतात, आग होते.

बधिर पायाला तिखट-झोंबरं तेल लावू नका. भाजलं तरी कळणार नाही. शुगर आटोक्यात आणा, बी-१२ तपासा, पाय रोज बघा.

झोप लागत नाही, धडधडतं, घाबरल्यासारखं होतं.

या सगळ्या यादीत सगळ्यात भक्कम पुरावा इथला आहे, आणि तोही हुंगायचा नाही, गिळायचा. जर्मनीत प्रमाणित लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थपणासाठी मान्य आहे. चिंतेच्या आजारात तिची तुलना लोराझेपामशी आणि पुढे पॅरॉक्सेटिनशी, म्हणजे याच आजारावरच्या नेहमीच्या गोळ्यांशी, झाली, आणि ती मागे पडली नाही. पण त्या कॅप्सूलमध्ये काय किती आहे ते ठरलेलं असतं. डिफ्यूझरसाठी आणलेल्या बाटलीतले थेंब साखरेवर घालून खाणं म्हणजे ती कॅप्सूल नव्हे. लोक तसं करतात, म्हणून सांगितलं.

मुलाला ऑटिझम आहे. एक ताई तेलांचा सेट विकतात, पंधरा हजारांचा.

घेऊ नका. तेच पैसे स्पीच थेरपीला लावा.

आमच्या शेतात जिरेनियम आहे. तेल घरचंच निघतं. ते तर शुद्धच ना?

शुद्ध आहे, मान्य. गेल्या काही वर्षांत नगर-नाशिककडे बऱ्याच जणांनी जिरेनियम लावलं. टनभर पाल्याला जेमतेम किलोभर तेल उतरतं, त्यामुळे तुमचा अभिमान रास्त आहे. लखनौच्या सीमॅपसारख्या संस्थेने सुगंधी पिकांवर चांगलं काम केलं आहे. पण शुद्ध म्हणजे निर्धोक नव्हे. शुद्ध निलगिरी भेसळीच्या निलगिरीपेक्षा जास्त झोंबेल!

बाजारातल्या बाटलीचं विचाराल तर झाडाचं शास्त्रीय नाव, बॅच नंबर आणि जीसी-एमएस तपासणीचा (तेलात कोणते घटक किती आहेत ते दाखवणाऱ्या) अहवाल, हे तीन मागा. 'थेरप्युटिक ग्रेड' हा शब्द कुठल्याही सरकारी मानकात नाही. तो विक्रेत्यांनी घडवला आहे. जटामांसीचं तेल स्वस्तात मिळत असेल तर जास्तच शंका घ्या. ती हिमालयातली वनस्पती आता नामशेष होण्याच्या काठावर आहे.

'फिट कायमची बंद, लकवा मुळापासून बरा' अशा जाहिरातींवर कोणी काही करत नाही का?

कायदा जुना आहे. औषधे व जादूचे उपाय अधिनियम, १९५४. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे त्यांच्या यादीत अपस्मारही आहे, लकवाही आहे. पूर्वी अशा जाहिराती भिंतींवर असायच्या, आता मोबाइलवर असतात. फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

झाडापासून मेंदूचं औषध कधी झालंच नाही का?

झालं आहे. गांजाच्या झाडातल्या कॅनाबिडिऑलला २०१८ मध्ये अमेरिकेत मुलांच्या दोन अतिशय हट्टी अपस्मारांवर, ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट, मान्यता मिळाली. आधी ते वेगळं काढलं, मात्रा वजनावर ठरवली, शेकडो मुलांवर प्रयोग केले, यकृतावरचे परिणाम नोंदवले. आपल्या खाजकुयलीच्या बियांत तर चक्क लेव्होडोपा असतो. नैसर्गिक असण्याला माझा विरोध नाहीच. किती, कोणाला आणि कशाबरोबर, हे ज्याच्या बाटलीवर लिहिलेलं नाही त्याला आहे.

लावायचंच असेल तर किती थेंब?

मोठ्या माणसाला, धडधाकट कातडीवर, १० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन ते चार थेंब. हे १ ते २ टक्के होतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. डिफ्यूझर अर्धा तास, खिडकी उघडी. घरात दमा, फिट, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर आधी विचारा.

मुलाने बाटली तोंडाला लावली. आता?

उलटी काढू नका, तेल फुप्फुसात जातं. दूधही पाजू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालय. 'जरा वाट बघू' हे इथे चालत नाही. आणि या बाटल्या मुलांच्या ड्रॉप्सच्या शेजारी ठेवू नका. दोन्हींना तसंच ड्रॉपरचं टोपण असतं, रात्री दोन वाजता डोळ्यांवर झोप असताना फरक कळत नाही.

ताई, तुम्ही स्वतः वापरता का?

वापरते. ड्रॉवरमध्ये पेपरमिंटचा रोल-ऑन असतो, महिनाअखेरीचा स्टॉक मोजताना लागतो. बाबांच्या उशीवर मात्र काही टाकत नाही, त्यांना वास येत नाही. रात्री साडेनऊची गोळी झाली की तिळाचं तेल कोमट करते आणि त्यांच्या पोटऱ्या चोळते. परवा मध्येच म्हणाले, "आज तेल जरा जास्तच गरम झालंय." तेवढं त्यांना अजून कळतं.